हात जातो ती जागा

मावशी जमिनीवरून उठायची ती पद्धत अजून डोळ्यांसमोर आहे. आधी डावा हात फरशीवर टेकायचा, मग उजवा गुडघा थोडा बाहेर काढायचा आणि क्षणभर थांबायचं. त्या क्षणात तिचा खालचा ओठ दातांखाली गेलेला असायचा. मग एका दमात उभी राहायची, पहिली दोन पावलं लंगडत टाकायची, आणि तिसऱ्या पावलापासून चाल सरळ. बघणाऱ्याला वाटावं, पायाला मुंग्या आल्या असतील. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं. "कंबर धरलीय गं जरा."

सहा वर्षं तिची कंबर धरलेली होती. कमरेला पट्टा, कमरेचे फोटो, कमरेला तेल, रात्री एरंडाच्या पानांचा शेक. कमरेच्या फोटोत वयाप्रमाणे थोडी झीज दिसायची, ती चाळिशीनंतर बहुतेकांच्या फोटोत दिसतेच. तेवढ्यावर उपचार चालू राहायचे. एकदा गॅस झाला, एकदा वजन वाढलंय असं झालं, आणि एका ठिकाणी घरात काही ताणतणाव आहे का, असं विचारून झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या तिनं घेतल्या नाहीत. दुखणं अंगावर काढलं.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड नेलं. सोबत आलेल्या माझ्या भावाला बाहेर बसवलं आणि म्हणाल्या, "मावशी, काही बोलू नका. दुखतं तिथं फक्त हात ठेवा." हात कमरेवर गेलाच नाही. अंगठा मागं खुब्यावर आणि चार बोटं पुढं जांघेत, असा तिनं पंजाचा विळखा घातला. मधला सगळा भाग मुठीत धरल्यासारखा.

या विळख्याला अस्थिरोगाच्या पुस्तकात नाव आहे. इंग्रजी 'सी' अक्षरासारखा दिसतो म्हणून 'सी साइन'. खुब्याच्या सांध्याच्या आत दुखत असलं की माणूस एका बोटानं जागा दाखवू शकत नाही, कारण दुखणं पुढं आहे की मागं हे त्यालाच नीट कळत नाही. ते खोल कुठं तरी मध्ये असतं. म्हणून हात दोन्हीकडून धरू बघतो. मावशीच्या तोंडानं सहा वर्षं जे सांगितलं नव्हतं, ते हातानं पाच सेकंदांत सांगितलं.

बायकांच्या जांघेतल्या आणि खुब्यातल्या दुखण्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. या दुखण्यांना 'कारण सापडत नाही' असं म्हटलं जातं, आणि काही वेळा ते खरंही असतं. पण पुष्कळदा कारण सापडत नाही, कारण ते भलत्या जागी शोधलेलं असतं.

मराठीत जांघ हा शब्द नेमका आहे. पोट संपून मांडी सुरू होते ती घडी म्हणजे जांघ. पायाची जखम चिघळली की तिथं गाठ येते. जुनी माणसं तिला अवधाण म्हणायची आणि ते सांगताना लाजायची नाहीत. पण बाईनं 'माझी जांघ दुखते' असं चारचौघांत म्हणायचं नाही, हे तिला कुणी न शिकवताच कळलेलं असतं. मग दुखणं वर सरकतं आणि कंबर होतं, खाली सरकतं आणि मांडी होतं. फार धीर केला तर 'ओटीपोटात दुखतं' असं म्हटलं जातं, आणि त्या शब्दाबरोबर बाई थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवली जाते. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांत यात आणखी एक घोटाळा होतो. हिंदीत जाँघ म्हणजे मांडी. आपली बाई धीर करून 'जाँघ में दर्द है' म्हणते आणि हिंदीभाषक डॉक्टर मांडी तपासतात. 'हिप'चंही तसंच. कपड्यांच्या मापामुळं आपल्याकडे हिप म्हणजे बसायचा भाग. सांधा तिथं नाहीच.

तो कुठं आहे हे स्वतःच्या अंगावर बघता येतं. उताणं पडा आणि जांघेच्या घडीच्या मध्यावर, किंचित खाली, दोन बोटं दाबून ठेवा. ठोके लागतील. ती पायाला रक्त नेणारी मुख्य धमनी. तिच्याच मागं, स्नायूंच्या थराखाली, मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत बसलेला असतो. शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा तो हाच. म्हणजे खुब्याचा सांधा बिघडला की दुखणं पहिल्यांदा जांघेत उमटतं. नुसतं ढुंगणाच्या वरच्या बाजूला, पाठीच्या कण्यालगत दुखत असेल, तर ते बहुधा कमरेचं असतं. एवढा एक भेद सगळ्यांना ठाऊक असता तरी कितीतरी पट्टे विकले गेले नसते.

त्यातही फसगत होतेच. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६०च्या सुमाराला विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली. त्यांत त्यांनी सांगितलेला एक नियम अजून शिकवला जातो: जी नस सांध्याला जाते तीच त्या सांध्याला हलवणाऱ्या स्नायूंनाही जाते, आणि बहुधा वरच्या त्वचेलाही. खुब्याकडे जाणारी ऑब्च्युरेटर नावाची नस पुढं गुडघ्यापर्यंत पोचते. त्यामुळं बिघाड खुब्यात आणि दुखतो गुडघा, असं सर्रास घडतं. गुडघ्याचा फोटो चांगला आला आणि तरी गुडघा दुखतोच, तर एक जोड वर जाऊन बघावं.

अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्यातलं लॅब्रम फाटलेल्या ६६ रुग्णांचा प्रवास नोंदवलेला आहे. लॅब्रम म्हणजे उखळीच्या काठाला असलेली कूर्चेसारखी चिवट झालर. ती गोळ्याला घट्ट धरून ठेवते. दुखायला लागल्यापासून निदान होईपर्यंत या रुग्णांचे सरासरी २१ महिने गेले होते आणि तोवर प्रत्येकानं सरासरी तिघांहून जास्त जणांना दाखवलेलं होतं. साधनसंपत्ती असलेल्या देशात ही गत, तर तालुक्याच्या गावी सहा वर्षं लागली याचं नवल वाटत नाही. वाईट मात्र वाटतं.

मावशीच्या फोटोत काय निघालं? उखळ उथळ होतं. जन्मापासून.

मावशी पायाळू होती. गावात तिची त्यासाठी ख्याती होती. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसानं पाय लावायचा, अशी समजूत. त्यामुळं लहानपणी शेजारपाजारची माणसं तिच्यापुढं पालथी पडायची आणि ती हसत त्यांच्या कमरेवर पाय ठेवायची. पोटात बाळ उलटं असणं, म्हणजे डोक्याऐवजी पाय किंवा ढुंगण खाली असणं, हे उथळ उखळीचं एक ठळक कारण मानलं जातं. पहिलं मूल असणं आणि मुलगी असणं ही दुसरी दोन. मुलींमध्ये हा दोष मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. दुसऱ्यांच्या कमरा बऱ्या करणाऱ्या त्या पोरीचा स्वतःचा खुबा कुणी तपासलेला नव्हता, आणि त्या काळात तपासण्याची सोयही नव्हती.

आज आहे. बाळाचे पाय फाकवून डॉक्टर खुबे तपासतात. शंका असेल तर सोनोग्राफी करतात. आपल्याकडे बाळाला कडेवर घ्यायची जी रीत आहे, त्यात त्याचे पाय फाकलेले राहतात आणि गोळा उखळीत नीट बसतो. ही रीत उत्तम. पण त्याच घरात रात्री पाय सरळ ओढून दुपट्यात घट्ट बांधायची रीतही असते, आणि ती धोक्याची. जपानमध्ये १९७०च्या दशकात बाळाचे पाय सरळ बांधू नका, अशी मोहीम निघाली आणि हा दोष तिथं झपाट्यानं कमी झाला.

उथळ उखळ मोजायची पद्धत स्वीडनच्या गुन्नार विबर्ग यांनी १९३९ साली दिली. गोळ्यावर उखळीचं छप्पर किती आलंय, याचा कोन फोटोवर काढायचा. २५ अंशांच्या वर ठीक, २०च्या खाली उथळ, मधलं संशयाचं. पट्टी, पेन्सिल आणि कटिभागाचा समोरून काढलेला एक साधा फोटो एवढं पुरतं. पण तो फोटो खुब्याचा असावा लागतो, कमरेचा नव्हे, आणि बघणाऱ्याच्या मनात हा प्रश्न असावा लागतो. छप्पर अपुरं असलं की सगळा भार काठावर येतो, झालर ताणते, फाटते आणि सांधा वेळेआधी झिजतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या राइनहोल्ड गान्झ यांनी १९८०च्या दशकात उखळ हाडासकट सुटं करून फिरवून बसवायची शस्त्रक्रिया विकसित केली. सांधा झिजण्यापूर्वी, म्हणजे तरुण वयात कळलं, तरच तिचा उपयोग. मावशी सेहेचाळीस वर्षांची झालेली होती. तिचा सांधा पुढं बदलावा लागला.

गान्झ यांच्याच गटानं २००३ साली आणखी एक गोष्ट ठळकपणे मांडली. काही जणांत हाडांचा आकारच असा असतो की पाय पूर्ण दुमडला की गोळ्याची मान उखळीच्या काठावर आदळते. उकिडवं बसणं, पाटावरून उठणं, खोल सीटच्या गाडीतून उतरणं, अशा वेळी जांघेत चिमटा बसतो. जमिनीशी इतकं नातं असलेल्या आपल्या घरांत हा चिमटा दिवसातून पन्नास वेळा बसतो. देशी संडास, धुणं, केर, निवडणं, भाकरी, रांगोळी, भाताची लावणी. ही सगळी खुबा पूर्ण दुमडायची कामं, आणि ती कुणाच्या वाट्याला येतात ते सांगायला नको.

इथं एक सावधगिरी. एमआरआयमध्ये झालर फाटलेली दिसली म्हणजे दुखण्याचा गुन्हेगार सापडला, असं नाही. अमेरिकेत २०१२ साली काहीही दुखत नसलेल्या ४५ जणांच्या खुब्यांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या ६९ टक्के लोकांत झालर फाटलेली निघाली. म्हणून अनुभवी डॉक्टर शस्त्रक्रियेची घाई न करता आधी एक साधी परीक्षा घेतात. सोनोग्राफीत बघत सांध्यात भूल देणारं औषध सोडायचं आणि नेहमी दुखतं ती हालचाल करून बघायची. दुखणं दोन-चार तासांपुरतं का होईना, पळालं, तर ते सांध्यातलं. जरासुद्धा हललं नाही, तर शोध दुसरीकडे.

दुसरीकडे म्हणजे कुठं? एक जागा खुब्याच्या बाहेरच्या बाजूला आहे. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतं ते हाड. चाळिशी ते साठीतल्या बायका सांगतात, त्या कुशीवर झोपताच येत नाही, जिना चढताना ठणका लागतो. पूर्वी याला सांध्याजवळच्या पिशवीची सूज म्हणत आणि इंजेक्शन देत. आता कळलंय की बहुतेकींत मूळ दुखणं ढुंगणाच्या स्नायूंच्या कंडरांचं असतं. ऑस्ट्रेलियात २०१८ साली २०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एका गटाला व्यायाम आणि बसण्या-उठण्याचं शिक्षण दिलं, एका गटाला स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि एका गटाला नुसतं थांबायला सांगितलं. आठ आठवड्यांनी व्यायामाच्या गटातल्या ७७ टक्के, इंजेक्शनच्या गटातल्या ५८ टक्के आणि थांबलेल्यांतल्या २९ टक्के रुग्णांना बरं वाटत होतं. शिक्षण तरी काय होतं? पायावर पाय टाकून बसू नका, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, एका पायावर भार टाकून खुबा बाहेर काढून उभ्या राहू नका. मूल कडेवर घेतलं की आपण अगदी तशाच उभ्या राहतो. मुलाच्या खुब्याला जे हितकारक, ते आईच्या खुब्याला भारी पडू शकतं. बाजू बदलत राहावी आणि घरातल्या दुसऱ्या कडाही वापराव्यात.

जांघ मात्र एकट्या खुब्याची जागा नाही. तिथून धमन्या जातात, नसा जातात, आणि बायकांत गर्भाशयाला दोन्हीकडून धरणारे दोन गोल बंधही जांघेतूनच बाहेर पडतात. गरोदरपणी पोट वाढतं तसे ते ताणतात. शिंकताना किंवा झटकन कूस बदलताना जांघेत जी कळ जाते, ती याचीच.

हर्निया हा पुरुषांचा आजार, अशी पक्की समजूत आहे आणि आकडेही एकूण तेच सांगतात. पण धमनीच्या शेजारच्या अरुंद वाटेनं उतरणारा फिमोरल हर्निया बायकांत पुरुषांपेक्षा जास्त होतो. तो लहान असतो, चरबीखाली लपतो, आणि बाई आडवी असताना तपासली तर हाताला लागत नाही. उभं करून, खोकायला सांगून तपासावं लागतं. याची वाट अरुंद असल्यानं आतडं अडकण्याची भीती मोठी. जांघेत अचानक कडक, दुखरी गाठ आली, ती आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर शेकत बसू नये. तासांचा प्रश्न असतो.

सिझेरियनचा आडवा छेद बिकिनीच्या रेषेत घेतात. त्याच्या दोन्ही टोकांजवळून जांघेकडे जाणाऱ्या नसा असतात. व्रण भरताना एखादी नस त्यात अडकली तर वर्षानंतरही टाक्याच्या एका टोकाला बोट ठेवलं की कळ जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला जाते. जळजळ, झिणझिण्या, साडीच्या निरीचा स्पर्शही नको. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या २१.५ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालं होतं. म्हणजे ज्यांना हा प्रश्न विचारायला हवा अशा बायका लाखोंनी आहेत. या दुखण्याला एका बोटानं जागा दाखवता येते; 'सी'चा विळखा नाही, नेमका बिंदू. तिथं भूल दिली की ते थांबतं.

आणि एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, ओटीपोटात इतरत्र वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळी येणाऱ्या वयातल्या सुमारे दहा टक्के मुलींना आणि बायकांना हा आजार असतो. पाळीच्या आधी दोन दिवस उजव्या जांघेत ओढ लागते, पाळी संपली की जाते, पुढच्या महिन्यात पुन्हा. बीजकोशाच्या शेजारून तीच ऑब्च्युरेटर नस जाते, म्हणून दुखणं मांडीच्या आतल्या बाजूला उतरतं, आणि 'पाळीत पाय दुखतात' हे वाक्य आई, आजी, शेजारीण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सगळ्याच जणी म्हणतात, चालायचंच. सोनोग्राफी पुष्कळदा कोरी येते. पूर्वी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी ही अट सैल केली, लक्षणांवरून उपचार सुरू करायला मोकळीक दिली. याचा फायदा व्हायला मात्र बाईनं तारीख सांगायला हवी. 'मधूनमधून दुखतं' आणि 'पाळीच्या आधी दोन दिवस दुखतं' यांत वर्षांचं अंतर आहे.

आपल्या भागात आणखी तीन गोष्टी विसरून चालत नाही. मणक्याच्या क्षयाचा पू सोआस नावाच्या स्नायूच्या म्यानातून ओघळत थेट जांघेत येऊन गाठीसारखा दिसतो. बारीक ताप, वजन घटणं आणि जांघ दुखणं एकत्र आलं तर क्षयाची तपासणी आधी. ड जीवनसत्त्व फार दिवस कमी राहिलं तर हाडं मऊ पडून खुब्याच्या मानेला आणि जांघेच्या हाडाला बारीक भेगा जातात, बाई बदकासारखी डुलत चालते आणि सगळे म्हणतात, अशक्तपणा. आणि गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, पालघर या भागांत सिकलसेल आहे. त्यात, तसंच फार दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांतही, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सुरुवातीला साध्या फोटोत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

गडचिरोलीचं नाव आलं की राणी बंग आणि अभय बंग यांच्या कामापाशी थांबावं लागतं. जानेवारी १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, दर बाईमागं सरासरी ३.६. आणि त्याआधी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त आठ टक्के. हा अभ्यास जांघेच्या दुखण्याचा नव्हता. पण कमरेखालचं काहीही असो, बाई ते अंगावर काढते, हे त्यानं मोजून दाखवलं. याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट बीडची. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं चौकशी केली तेव्हा जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कित्येकींची तक्रार पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर दुखणं एवढीच होती. वाकून ऊस तोडणाऱ्या, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईचं दुखणं गर्भपिशवीतलं की खुब्यातलं, हे कुणी हात ठेवून विचारलं होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही. पिशवी गेल्यावरही दुखत राहिलं, तर त्या बाईनं कुणाकडे जावं?

आता ज्यांना सगळं तपासूनही नाव मिळालं नाही त्यांच्याबद्दल. अशा बायका आहेत, आणि त्यांना सर्वांत जास्त ऐकावं लागतं ते म्हणजे 'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत'. सांगणाऱ्याला ती आनंदाची बातमी वाटते. ऐकणारीच्या पायाखालची जमीन सरकते, कारण याचा अर्थ घरी 'काही नाहीये तिला' असा पोचतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटलं की, माणूस दुखतंय म्हणाला तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी प्रयोगांतून दाखवलं की इजेचे निरोप येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होतात, मग लहानशा निरोपालाही मोठं उत्तर देतात. माळावर रोज त्याच जागेवरून गेलं की पायवाट पडते, आणि मग पाय आपोआप तिकडे वळतात. तसंच. मूळ इजा बरी झाली तरी वाट राहते. हे मनाचे खेळ नव्हेत. हा शरीराचाच बदल आहे, आणि ती वाट बुजवता येते. सावकाश.

त्यासाठी काय करावं लागतं, हे मी माझ्या एका मैत्रिणीकडून शिकले. ती शाळेत शिक्षिका आहे, दोन सिझेरियन झालेली, उजव्या जांघेत आठ वर्षं दुखणं. तिची चूक तीच होती जी आपण सगळ्या करतो. बरं वाटलं त्या दिवशी माळा आवरायचा, पडदे धुवायचे, पाहुणे जेवायला बोलवायचे; मग तीन दिवस अंथरूण. आठवडाभरानं पुन्हा तेच. तिच्या फिजिओथेरपिस्टनं तिला काम कमी करायला सांगितलं नाही, सारखं करायला सांगितलं. चांगल्या दिवशीही वीस मिनिटंच, वाईट दिवशीही निदान दहा. चालणंही तसंच. ढुंगणाचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायचे व्यायाम रोज, थोडे. भाजी निवडायला पाटाऐवजी उंच स्टूल. स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बसणं बंद. वेदनाशामक गोळ्या हाताला येतील तेव्हा घ्यायची सवय बंद, कारण महिनोन्महिने स्वतःच्या मनानं घेतलेल्या त्या गोळ्या जठर आणि मूत्रपिंडं बिघडवतात. ठरलेल्या दिवशी, ठरलेला डोस, डॉक्टरांना विचारून. हळदीकुंकवाला गेली की ती खुर्ची मागते. पहिल्या वर्षी कुजबुज झाली. आता तिच्या शेजारी आणखी दोन खुर्च्या असतात.

आणि नोंद. तिला वही ठेवायला सांगितली होती, ती चार दिवसांत हरवली. मग तिनं स्वयंपाकघरातलं कालनिर्णय वापरायला घेतलं, जिथं दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख आधीच लिहिलेली असते. कपाटावर चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांच्या पाकिटातून ती टिकली काढते आणि त्या दिवसाच्या चौकोनात लावते. थोडं दुखलं तर बारीक, फार दुखलं तर मोठी. पाळीच्या दिवशी पेनानं एक फुली. चार महिन्यांनी पानं फरशीवर ओळीनं मांडली तेव्हा दिसलं की मोठ्या टिकल्या फुलीच्या आधी जमतात, पण सगळ्या नाहीत. उरलेल्या येतात त्या शाळेत स्नेहसंमेलनासारखा दिवसभर उभं राहायचा कार्यक्रम असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे दुखणी दोन होती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकावर गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्याचं पक्कं नाव अजून मिळालेलं नाही. ते कमी झालं आहे, गेलेलं नाही.

तिच्या सासूबाईंनी एकदा विचारलं, "अगं, कालनिर्णयावर टिकल्या कसल्या लावतेस? लावायला जागेची वाण पडली का?" तिनं सांगितलं. जांघ हा शब्द वापरून सांगितलं. सासूबाई बराच वेळ गॅसवरच्या दुधाकडे बघत राहिल्या. दूध वर आलं तसा गॅस बारीक केला.

"मला पण तिथंच दुखतं," त्या म्हणाल्या. "धाकट्याच्या वेळेपासून."

धाकटा दीर आता चौतीस वर्षांचा आहे.

"अहो आई, मग इतकी वर्षं कंबर म्हणत होतात ना?"

"मग काय म्हणणार होते?"

पुढच्या खेपेला दवाखान्यात दोन केसपेपर निघाले.